सिरियल पोर्टवरचं यंत्र सी प्रोग्रॅममधून थेट का चालवता येत नाही? राइट() असताना आयऑक्टल() कशाला?

थेट चालवता येत नाही, कारण प्रोसेसरच अडवतो. तुमचा प्रोग्रॅम कमी अधिकारात चालतो. त्याने पोर्टला परस्पर हात लावला तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्याला तिथेच बंद पाडतो. दोन प्रोग्रॅम एकाच डिस्कवर आपापल्या मर्जीने लिहू लागले तर काय होईल, हे डोळ्यांसमोर आणा म्हणजे हे बंधन पटेल. म्हणून लिनक्समध्ये आधी यंत्राची फाइल ओपन() करायची आणि मिळालेल्या क्रमांकावरून ड्रायव्हरशी, म्हणजे ते यंत्र हाताळणाऱ्या कोडशी, बोलायचं. विंडोजमध्ये हेच काम क्रिएटफाइल आणि डिव्हाइसआयओकंट्रोल करतात.

रीड() आणि राइट() नुसती बाइट्सची ने-आण करतात. वेग किती, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) कोणती, सीडीचा ट्रे बाहेर काढ, हे त्यांतून सांगायची सोय नाही. त्यासाठी आयऑक्टल() आहे, 1979च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून. त्याला फाइलचा क्रमांक, आज्ञेचा क्रमांक आणि बहुधा एक पॉइंटर द्यायचा. आज्ञेचा अर्थ ड्रायव्हर लावतो. सिरियल पोर्टसाठी मात्र आयऑक्टल() स्वतः लिहू नका. पोर्टचं सेटिंग लिहिणारं टीसीसेटअ‍ॅटर() हे तयार फंक्शन वापरा, लिनक्सवर आत आयऑक्टलच होतो.

या सेटिंगकडे दुर्लक्ष करू नका, असं मी कळकळीने सांगतो. माझ्याकडचा एक सेन्सर बाइनरी आकडे पाठवायचा. बहुतेक वाचनं बरोबर, मधूनच चेकसम (आकडे नीट आले का ते पडताळणारी बेरीज) चुकायचा. दोन दिवस मी वायरी बदलत होतो. शेवटी आलेला प्रत्येक बाइट छापून पाहिला, तर त्यात 13 हा आकडा एकदाही नव्हता! समोर टर्मिनल आहे असं धरून कर्नल प्रत्येक 13चा 10 करत होता. 17 आणि 19 तर मधल्यामध्ये गडप होत होते. शिवाय एको चालू, म्हणजे सेन्सरने पाठवलेलं सेन्सरलाच परत जात होतं. टीसीगेटअ‍ॅटर()ने चालू सेटिंग वाचलं, बाइट्स जसेच्या तसे येऊ देणारं सीएफमेकरॉ() लावलं, वेग ठरवला, टीसीसेटअ‍ॅटर()ने परत लिहिलं. त्यानंतर एकही चेकसम चुकला नाही.

तुमचा प्रोग्रॅम एकदा एसट्रेस हे कर्नलकडे जाणारे कॉल दाखवणारं साधन लावून चालवा. कोणता कॉल गेला आणि काय परत आलं, ते ओळीओळीने दिसेल. ईनॉटटीवाय ही चूक दिसली तर बहुधा त्या फाइलला ती आज्ञा कळत नाही. ओपन()वरच ईअ‍ॅक्सेस आलं तर कोड ठीक आहे, परवानगी नाही. डेबियन किंवा उबुंटू असेल तर स्वतःला सिरियल पोर्टची परवानगी असलेल्या डायलआउट गटात घाला आणि पुन्हा लॉगिन करा.