बडोद्याच्या दांडिया बाजारात नवा दवाखाना टाकलेल्या डॉक्टरांना

आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं विचारलंत, बरं केलंत. सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख येतं, आतडं येत नाही. म्हणजे विषय तुम्हालाच काढावा लागणार.

सुरुवातीला एवढंच:

- घरचा इतिहास विचारा. आई-वडील किंवा भावंडांत कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षं, जे लवकर येईल तेव्हा थेट कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघणं).
- बाकीच्यांना ४५-५० नंतर दरवर्षी 'फिट', म्हणजे शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी तपासणी. शौचाचा नमुना घरीच घ्यायचा, पथ्य नाही.
- फिट पॉझिटिव्ह आली की कोलोनोस्कोपीच. "पुन्हा एकदा करून बघू" ही नवख्यांची नेहमीची चूक.

त्याहून मोठी चूक म्हणजे शौचातून रक्त पडतंय म्हणणाऱ्याला न तपासता मूळव्याधीचं मलम लिहून मोकळं होणं. तिथे फिटही नको, रक्त का पडतंय ते शोधा.

बोलताना 'कॅन्सर'पासून सुरुवात करू नका. पॉलिपपासून (आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढणारा छोटा कोंब) करा: तो कॅन्सर होण्याआधीच काढता येतो, हे लोकांना पटतं. आपले काका लोक या विषयावर फार लाजतात (गाठियाच्या दुकानात तासभर बोलतील, इथे गप्प!). काकूंना आत बोलवा, काम निम्मं होतं.

पॉलिपचे प्रकार, जनुकीय तपासण्या वगैरे पुढे बघू.