आवाज थांबले, पण भाऊ अजून घरातच

प्रश्न: ताई, आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, वय २९. गोळ्या चालू झाल्यावर कानात आवाज यायचे बंद झाले, संशय पण गेला, पण आता नुसता पडून असतो. आधी उद्यमनगरात कारखान्यात लेथ मशीनवर होता, हात लई चांगला होता त्याचा. आई त्याला काहीच करू देत नाही, गोळी स्वतः हातावर ठेवते आणि वर तोंड उघडून दाखवायला लावते. मामा म्हणतात लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल. काय करू?

उत्तर: आधी मामांचं. लग्न म्हणजे औषध नव्हे, आणि आजार लपवून लग्न तर अजिबात नको. विषय संपला.

आता भावाचं. पडून राहणं हा आळस नसतो गं, उत्साहच मावळणं हा याच आजाराचा भाग असू शकतो, नाहीतर गोळीची गुंगी असेल, नाहीतर डिप्रेशन, त्यामुळे पुढच्या व्हिजिटला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवत असाल तर तिथंही, डोस बदलता येतो. फक्त मनानं गोळी बंद करायची नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. आवाज थांबले म्हणजे आजार आटोक्यात आला, माणूस अजून परत यायचाय. २०११ मध्ये इंग्लंडच्या संशोधकांनी यावरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले, त्यात पाच गोष्टी सारख्या पुढं आल्या, माणसांशी नातं, आशा, स्वतःची ओळख, जगण्याला काहीतरी अर्थ आणि आपल्या आयुष्याचा ताबा आपल्याकडे. आता बघ, तुझ्या भावाकडं यातलं काय उरलंय? साधी गोळी पण स्वतःच्या हातानं घेत नाही तो! आईची भीती मला कळते, तिनं वाईट दिवस बघितलेत, पण घरात सतत टोकणं आणि अति जपणं असलं की आजार उलटायची शक्यता वाढते हे संशोधनातून दिसलंय. आठवड्याच्या कप्प्यांचा डबा आणा, रविवारी भाऊच तो भरेल, आईनं रात्री कप्पा रिकामा आहे का एवढंच बघायचं.

आणि काम. लगेच लेथवर नको, गुंगीत मशीनवर हात गेला तर काय होईल सांगायला नको. पण जुन्या मालकांना विचारून बघा, अर्थात भावाला आधी विचारून, सकाळचे दोन तास, तयार जॉब, म्हणजे मशीनवर बनलेले भाग, व्हर्नियरनं मोजायचे, मालाबरोबरचं चलन लिहायचं. चार माणसांत चहा होईल हाच मोठा फायदा. पगाराचं नंतर बघू.

अजून एक, तो बरा आहे तेव्हाच त्याच्याशी बसून ठरवा की त्रास वाढायला लागला की आधी काय दिसतं (झोप उडणं बऱ्याच जणांत असतं) आणि तेव्हा कुणाला फोन करायचा. कसे उपचार हवेत, कसे नकोत, आपल्या वतीनं कुणी बोलायचं हे लिहून ठेवायचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याला दिलाय. आईला कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो.