फायझरच्या लसीमुळे तरुण मुलांच्या हृदयाला सूज येते, हे खरे आहे का? भारतात कोव्हिशील्ड घेतलेल्यांनाही तो धोका आहे का?

होय, क्वचित येते. आपला सतरा वर्षांचा भाचा अमेरिकेत ही लस घेणार आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून आधी आमच्या घरचा अनुभव सांगतो.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मे २०२१ मध्ये माझ्या सोळा वर्षांच्या मुलाने फायझरचा दुसरा डोस घेतला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे छातीत दुखते म्हणून तो अंथरुणात उठून बसला. आदल्या संध्याकाळी तो क्रिकेट खेळून आला होता. त्यामुळे स्नायू आखडला असेल, नाहीतर पित्त झाले असेल, असे समजून मी त्याला थंड दूध दिले आणि दुपारपर्यंत थांबलो. मी थांबायला नको होते. आडवे झाले की कळ वाढे आणि पुढे वाकून बसले की कमी होई. हृदयाच्या आवरणाला सूज आली की दुखणे बहुधा असेच असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

रुग्णालयात ईसीजीत बदल दिसले आणि रक्तातील ट्रोपोनिन वाढलेले निघाले. हे हृदयाच्या स्नायूंतील प्रथिन असून त्या पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते. निदान झाले मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूंचा दाह, आणि सोबत आवरणाचाही. तीन दिवस देखरेख, आयब्युप्रोफेनच्या गोळ्या आणि पुढे सहा महिने खेळ बंद, कारण दाह पूर्ण ओसरण्याआधी जोराचा व्यायाम केल्यास हृदयाची लय धोकादायक रीतीने बिघडू शकते. आज तो पूर्ण बरा आहे.

आता आकडे. अमेरिकेत नोंदल्या गेलेल्या प्रकरणांचा अभ्यास जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर सात दिवसांत १६ ते १७ वर्षांच्या मुलग्यांमध्ये दर दहा लाख डोसमागे सुमारे १०६ जणांना हा त्रास झाला. मुलींमध्ये आणि वयस्कांमध्ये प्रमाण फारच कमी होते. म्हणूनच सर्व वयांची सरासरी सांगून सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांची समजूत घालणे मला पटत नाही. मोडर्नाच्या लसीबाबत तर ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वीडन आणि फिनलंडने तरुणांसाठी तिचा वापर थांबवला. दोन डोसांतील अंतर आठ आठवड्यांपर्यंत वाढवल्यास धोका घटू शकतो, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले. माझ्या मुलाचे डोस तीन आठवड्यांच्या अंतराने झाले होते. कोविडच्या संसर्गानेही हृदयाचा दाह होतो, हेही निर्णय घेताना विसरू नये.

कोव्हिशील्डविषयी आपली काळजी समजते, पण हा धोका मुख्यतः फायझर आणि मोडर्ना यांच्या एमआरएनए लसींशी, म्हणजे विषाणूचे एक प्रथिन बनवण्याची सूचना थेट पेशींना देणाऱ्या लसींशी, जोडलेला आहे. कोव्हिशील्ड विषाणूवाहक तंत्राची, म्हणजे दुसऱ्या निरुपद्रवी विषाणूमार्फत ती सूचना पोहोचवणारी, आणि कोव्हॅक्सिन निष्क्रिय विषाणूची. कोव्हिशील्डचा ओळखला गेलेला दुर्मिळ गंभीर दुष्परिणाम म्हणजे प्लेटलेट घटून रक्तात गुठळ्या होणे, आणि तोही बहुतेक वेळा लस घेतल्यावर काही आठवड्यांच्या आतच दिसतो. तरुणांच्या अचानक मृत्यूंविषयी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटाचा जो अभ्यास केला, त्यात लसीमुळे असा धोका वाढल्याचे आढळले नाही.

भाच्याला एवढे नक्की सांगा: लशीनंतरच्या आठवड्यात छातीत दुखले, धाप लागली किंवा धडधड जाणवली, तर त्याच दिवशी आपत्कालीन विभागात जावे, लस कधी घेतली ते आपणहून सांगावे आणि ईसीजीसोबत ट्रोपोनिनची तपासणी करण्याची विनंती करावी.