पिशवी नेमकी किती दिवस पुरते?

प्रश्न : आमच्याकडे तीन वर्षांचा कुत्रा आहे. त्याच्या खाण्याचे पैसे मी दर महिन्याला बाजूला काढते, तरी तीन-चार महिन्यांनी एकदा हिशेब हमखास कोलमडतो. ताई, वर्षभराचा अंदाज बांधायचा तरी कसा?
– एक वाचक

उत्तर : कोलमडणारच. खाणं रोजचं असतं, बाकीचं काही महिना बघून येत नाही.

तरी आधी खाण्याचंच बघा. आमच्या बंड्यासाठी मी मगाने खाणं वाढायचे, वर प्रेमाने चार दाणे जास्त. एकदा तो मग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, तर दिवसाचे 360 ग्रॅम निघाले. डॉक्टरांनी सांगितले होते 300. बारा किलोची पिशवी 300 ग्रॅमने 40 दिवस जाते, 360ने जेमतेम 33. म्हणजे वर्षाला नऊच्या जागी अकरा पिशव्या! जास्तीच्या दोन बंड्याच्या कमरेवर चढल्या होत्या. गोचिडांचं औषध वजनाच्या गटाप्रमाणे मिळतं. तो 20 किलोच्या वर गेला आणि आम्हाला पुढच्या गटाचं, महागडं पाकीट घ्यावं लागलं.

आता तुमचा तीन-चार महिन्यांचा खड्डा. मोठ्या कुत्र्याला जंताचं औषध बहुधा दर तीन महिन्यांनी देतात. गोचिडांची एखादी गोळी एक महिना पुरते, एखादी बारा आठवडे. लस वर्षातून एकदा. रेबीजची काही ठिकाणी तीन वर्षांनी, ते लस कोणती आणि तिथला नियम काय यावर ठरतं. हे सगळं एकाच आठवड्यात आलं की झालं! म्हणून बारा महिन्यांचा एक कागद करा, ज्या महिन्यात जे येणार ते तिथेच लिहा, सगळ्याची बेरीज करून बाराने भागा. तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळी काढायची. गावाला गेल्यावर त्याला कुठे ठेवता, तेही त्यात धरा; माझं हेच दोन वर्षं राहून गेलं होतं.

दातांकडे मात्र दुर्लक्ष नको. ओठ वर करून मागच्या दाढा बघा. हिरडीलगत पिवळट-तपकिरी थर दिसला, तर भूल देऊन दात साफ करायची वेळ जवळ आलेली असू शकते. त्याआधी बहुतेक वेळा रक्तही तपासतात. रोजचा ब्रश कंटाळवाणा आहे खरा, पण त्यामानाने फुकटच.

अचानकच्या दुखण्याचे पैसे या बेरजेत मिसळू नका. बंड्याने एका रविवारी अख्खा मोजा गिळला. सुट्टीचा दवाखाना, एक्स-रे, पोट उघडणं... गोचिडांच्या गोळीच्या पैशांत ते कुठून बसणार? विमा घेणार असाल तर आत्ताच बघा. आधीपासूनचा आजार त्यात सहसा धरत नाहीत.

लसीच्या कार्डावर पुढची तारीख लिहिलेली असेल. कागदावर पहिली नोंद तिचीच करा.