प्रेझेंटेशनमध्ये सिनेमासारखी गोष्ट कशी सांगावी?

‘अनुक्रमणिका’ची स्लाइड आधी काढून टाका आणि थेट प्रसंगात शिरा. समजा, आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर बोलायचंय. ‘जन्म १९१०’ म्हटलं की मागची रांग मोबाइल काढते. त्याऐवजी असं सुरू करा: ‘१९३८. युद्धात होरपळणाऱ्या चीनला पाच भारतीय डॉक्टर निघालेत. त्यातला एक आपल्या गावचा.’ तो परत येतो का, हे शेवटपर्यंत सांगायचं नाही! लोक त्यासाठीच थांबतात.

एक स्लाइड म्हणजे एक शॉट: एक फोटो, फार तर एक ओळ. आकडेवारी माणसाच्या मागून येऊ द्या.

शेवटी काळ्या पडद्यावर फक्त ‘१९४२. वय ३२. चीनमध्येच मृत्यू.’ आणि मग पाच सेकंद खरंच गप्प राहा. ‘थँक यू’ची स्लाइड नकोच.