गोव्यातली रिअर-व्हील-ड्राइव्ह (इंजिन मागची चाकं फिरवतं अशी) गाडी जानेवारीत मनालीच्या बर्फात चालेल का?

चालेल, पण गोव्यातल्या टायरांवर नाही. पणजीच्या उकाड्यात छान पकड देणारं रबर साधारण 7 अंशांखाली कडक होतं. मग इंजिन कितीही दमदार असो, मागची चाकं जागच्या जागी फिरतात. विंटर टायर घ्या, तेही चारही. नुसते मागे लावलेत तर वळणावर पुढची बाजू सरळ घसरत जाते. बर्फात पकडीसाठी टायरांवर बांधायच्या साखळ्या मात्र मागच्या चाकांना.

दुसऱ्या गिअरमध्ये, हलक्या पायानं उठवा. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच फिरू न देणारी यंत्रणा) चालूच ठेवा, रुतलात तरच बंद. उतारावर एकदम खालचा गिअर टाकू नका. मागची पकड सुटून गाडी गर्रकन फिरते. चोर्ला घाटात पहिल्या पावसात घसरते, त्याहून कितीतरी अचानक.

खरं सांगू? मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे ताजा बर्फ असेल तर गाडी मनालीतच ठेवा आणि तिथली फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी) टॅक्सी करा.