खिडकीपलीकडचं काम: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

इंदूरच्या वाचकांकडून या वेळी आलेली बहुतेक पत्रं दोनच गोष्टींभोवती फिरतात: कागदावर चुकलेलं नाव आणि नळाला येणारं वास मारणारं पाणी. म्हणून त्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकहून इंदूरला माहेरी आली आहे. बाळाची नोंद इथे करायची की सासरच्या गावी? बारसं इथे होणार की तिकडे, तेही ठरलेलं नाही. मग दाखल्यावर नावाचं काय करायचं? (एक आजी, सुदामा नगर)

नोंद इंदूरलाच होईल. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 नुसार घटना जिथे घडली तिथल्याच निबंधकाकडे नोंद करावी लागते, राहता पत्ता कुठलाही असो. नाशिक महापालिका हा दाखला देऊ शकत नाही, त्यामुळे सासरी परतल्यावर तिथे रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. सासरचा पत्ता मात्र वाया जात नाही. अर्जात आईवडिलांचा कायमचा पत्ता वेगळा विचारतात, तिथे नाशिकचाच लिहा. माहेरचा पत्ता फक्त प्रसूतीच्या वेळच्या पत्त्यात.

प्रसूती रुग्णालयात झाली तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची. मुदत 21 दिवस. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं. 30 दिवस ते एक वर्ष या काळात अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी किंवा एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) यांचा आदेश. दहा मिनिटांच्या कामाचे चार महिने होतात ते इथेच. रुग्णालयातून घरी निघतानाच विचारा की सूचना पाठवली का, आणि तिचा क्रमांक लिहून घ्या.

नावाची घाई नको. नावाशिवाय जन्माची नोंद होते. पुढे बारा महिन्यांत नाव कळवलं तर शुल्क लागत नाही आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं. फक्त हे काम नंतर नाशिकहून नव्हे, इंदूरच्या निबंधकाकडूनच होणार. त्यामुळे सव्वा महिन्यानं मुलगी सासरी जाणार असेल तर त्याआधी दोन्ही घरांनी नाव पक्कं करून टाकणं सगळ्यात सोयीचं. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त हाच दाखला चालतो. त्यामुळे त्यातलं एकेक अक्षर महत्त्वाचं.

आणखी एक. जन्म इथे झाला म्हणून बाळाचं नाव आजोबांच्या समग्र आयडीत, म्हणजे मध्यप्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदीत, घालू नका. ती मध्यप्रदेशात राहणाऱ्यांसाठी आहे.

प्रश्न: आमचं आडनाव काळे. मुलाच्या जन्म दाखल्यावर «काले» आलं आहे, आधारवर «काळे» आहे, शाळेत तिसरंच काहीतरी. शिवाय दाखल्यावर मधलं नाव नाही. दुरुस्ती कुठून सुरू करू? (वाचक, लोकमान्य नगर)

मुळे, काळे, टिळक, खळे अशा घरांतून हा प्रश्न सतत येतो. कारण साधं आहे. पोर्टलवर कर्मचारी इंग्रजीत नाव टाकतो आणि हिंदी रूप यंत्र आपोआप तयार करतं. हिंदीत ळ जवळजवळ नाहीच, म्हणून यंत्र ल बसवतं. कीबोर्डवर अक्षर नाही असं उत्तर मिळालं तर ते खरं नाही. इनस्क्रिप्ट मांडणीत शिफ्ट धरून एन दाबलं की ळ उमटतो. हे नम्रपणे सांगा, बऱ्याचदा तिथल्या तिथे काम होतं.

आता क्रम. आधी सगळ्या कागदांवरचं इंग्रजी स्पेलिंग बघा. पासपोर्ट आणि बँक तेच जुळवतात. इंग्रजी सगळीकडे सारखं असेल तर ल आणि ळ यांचा फरक त्रासदायक आहे, पण काम अडवणारा नाही. तो सवडीनं दुरुस्त करा. इंग्रजी वेगळं असेल तर सुरुवात जन्म दाखल्यापासून करा, आधारपासून नाही. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. आधार आधी बदलून मग दाखला वेगळा निघाला, तर दोनातली एक संधी फुकट गेली.

दाखल्याची दुरुस्ती जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली होते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही आणि तारीख घालतो. अर्जासोबत आईवडिलांचे आधार, रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद, शाळेचा कागद आणि नेमकं काय चुकलं व काय हवं ते सांगणारं शपथपत्र जोडा. शपथपत्रात «नाव चुकीचे आहे» एवढंच लिहून भागत नाही. छापलेलं रूप आणि हवं असलेलं रूप, दोन्ही देवनागरीत आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक लिहा.

मधल्या नावाचं असं: आपल्याकडे मूल, वडील, आडनाव अशी तीन पदं चालतात. इथल्या अर्जात वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात असतं म्हणून कर्मचारी ते मुलाच्या नावात धरत नाही. हवं असेल तर मुलाच्या नावाच्या रकान्यातच तिन्ही पदं लिहून द्यावी लागतात. आमचं मत विचाराल तर एकदा ठरवा आणि दोन्ही भावंडांना तेच ठेवा. एकाचं तीन पदी आणि दुसऱ्याचं दोन पदी नाव असलं की पुढे प्रत्येक अर्जात खुलासा करत बसावं लागतं.

प्रश्न: रामबागेतल्या घराचं संपत्तीकराचं खातं अजून आजोबांच्या नावे आहे. वडीलही गेले. बहीण पुण्याला असते, तिची हरकत नाही. नोटरीचं पत्र घेऊन माझं नाव लागेल का?

नोटरीच्या पत्रानं बहिणीचा हिस्सा सुटत नाही, हे आधी लक्षात घ्या. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कत्याग विलेखच लागतो. तो उपनिबंधकाकडे होतो आणि त्यासाठी बहिणीला यावं लागेल किंवा तसं मुखत्यारपत्र द्यावं लागेल. एवढी धावपळ आत्ता नको असेल तर सगळ्या वारसांच्या नावे संयुक्त नामांतरण (करखात्यावरचं नाव बदलणं) करून घ्या. आई हयात असेल तर आई, तुम्ही आणि बहीण. हा रस्ता सर्वात सरळ आहे आणि पुढे कुणाच्या मनात किंतू राहत नाही.

पिढी गाळू नका. आजोबांचा मृत्यू दाखला, त्यांचे सगळे वारस, मग वडिलांचा दाखला आणि त्यांचे वारस, अशी साखळी मांडा. आजोबांना आणखी मुलं असतील, म्हणजे काका किंवा आत्या, तर त्यांचीही नावं येणारच. ती लपवून केलेलं नामांतरण पुढे हरकत आली की रद्द होतं. सोबत वारसांचं शपथपत्र, घराचा मूळ कागद, चालू वर्षापर्यंतच्या कराची पावती. थकबाकी असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. त्यानंतर जाहीर सूचना निघते आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते.

मराठी घरांत हमखास अडकणारी गोष्ट म्हणजे आजीचं आणि आईचं नाव. लग्नात नाव बदललं, रजिस्ट्रीवर (नोंदणीकृत खरेदीखतावर) माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं आणि मृत्यू दाखल्यावर घरात हाक मारायचे ते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं शपथपत्र करून त्याला जुन्या कागदांची जोड द्या.

नामांतरण म्हणजे मालकी नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं हे वारंवार सांगितलं आहे. करखात्यावर नाव लागलं म्हणजे कर कोण भरणार एवढंच ठरतं. जमीन नझुलाची (सरकारी मालकीची) किंवा लीजची असेल तर महसूल खात्यातलं काम वेगळं करावं लागेल.

प्रश्न: नर्मदेचं पाणी सुटलं की पहिली काही मिनिटं गढूळ येतं आणि गटाराचा वास येतो. झोनवर (महापालिकेच्या विभागीय कार्यालयात) सांगितलं तर «लाईन धुतली जातेय» म्हणतात. हे खरं आहे का? काय करावं? (तीन घरांचं एकत्र पत्र)

गढूळपणा लाईन धुतल्यानं येऊ शकतो. गटाराचा वास येत नाही. वास असेल तर मिश्रण धरूनच चालायचं आणि त्या दिवसापासून पिण्याचं पाणी उकळायचं. उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट.

असं का होतं ते समजलं की शोधणं सोपं जातं. आपल्याकडे बहुतेक भागांत पाणी एक दिवसाआड येतं. पुरवठा बंद झाला की नळी रिकामी होते आणि आत पोकळी तयार होऊन ती बाहेरचं ओढते. गंजलेली सर्व्हिस लाईन (मुख्य लाईनवरून घरात येणारी नळी) चेंबरमधून किंवा नालीला लागून गेली असेल तर बाहेरचं म्हणजे सांडपाणीच. पुढच्या वेळी पाणी सुटलं की ते सगळ्यात आधी तुमच्या नळाला येतं. थेट लाईनला मोटार लावणारे शेजारी हे ओढणं कितीतरी पटींनी वाढवतात. नवी लाईन टाकल्यावर जुनी नळी तशीच जोडलेली राहिली असेल तर तिच्यातलं साचलेलं पाणीही मिसळत राहतं.

तीन स्वच्छ पारदर्शक बाटल्या घ्या. पाणी सुटल्यावर पहिल्या, पाचव्या आणि पंधराव्या मिनिटाला थेट रस्त्याकडून येणाऱ्या नळाखाली भरा. टाकीतून भरू नका, टाकीतला दोष वेगळा असतो. वर वेळ लिहा आणि झाकण उघडून वास घ्या. फक्त पहिली बाटली खराब असेल तर दोष तुमच्या घराच्या जोडणीत किंवा अगदी जवळ आहे. तिन्ही खराब आणि शेजारच्या घरांतही तेच असेल तर मुख्य लाईनमध्ये. वरच्या अंगाला ज्या घरापर्यंत पाणी चांगलं येतं आणि ज्या घरापासून वास सुरू होतो, त्या दोन घरांमध्ये दोष शोधायचा. ही माहिती तक्रारीत लिहिली तर खोदणाऱ्या माणसाला सगळी गल्ली उकरावी लागत नाही.

क्लोरीन तपासायला छोटी किट मिळते. थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं. भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन असायला पाहिजे. ताज्या पाण्यात रंगच येत नसेल तर क्लोरीन वाटेत घाणीवर खर्च झाला असण्याची दाट शक्यता. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, घरची धुतलेली बाटली चालत नाही. 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय मुळीच सापडता कामा नये.

टाकीसाठी साधारण 1000 लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर, आधी बादलीत कालवून, निवळ वरचं पाणी टाकीत ओतायचं आणि किमान अर्धा तास थांबायचं. पावडर जुनी, ओलसर असेल तर तिच्यात जोर राहत नाही. आणि गटार मिसळत असताना पावडर हा उपाय नव्हे. आधी लाईन दुरुस्त, मग टाकी रिकामी करून घासायची, मग पावडर. नळाचं पाणी दुरुस्तीनंतर चांगलं झालं तरी टाकीत जुना गाळ राहिला तर घरातली आजारपणं थांबत नाहीत.

प्रश्न: 181 वर (मध्यप्रदेशच्या मुख्यमंत्री हेल्पलाईनवर) तक्रार केली. फोन आला, «काम झालं ना?» असं विचारलं. काम झालंच नव्हतं, पण तक्रार बंद दिसते.

त्या फोनवरचं तुमचं उत्तर निर्णायक असतं. «हो, माणूस येऊन बघून गेला» असं म्हटलं तरी समाधान नोंदवलं जाऊ शकतं. म्हणून «पाहणी झाली, काम झालेलं नाही, मी संतुष्ट नाही» एवढं स्पष्ट बोला. तक्रार अधिकाऱ्यांच्या चार पातळ्यांतून, एल-1 पासून एल-4 पर्यंत, वर चढते. खालच्या पातळीवर मुदतीत सुटली नाही की पुढच्या अधिकाऱ्याकडे जाते, त्यामुळे ती उघडी राहणं तुमच्या हिताचं आहे.

एका तक्रारीत एकच विषय ठेवा. दिवा, गटार आणि खड्डा एकत्र लिहिला की दिवा लागताच सगळी तक्रार बंद होते. वॉर्ड क्रमांक, विजेच्या खांबाचा क्रमांक, जवळची खूण आणि अडचण दिसू लागल्याची तारीख द्या. बंद झालेली तक्रार नव्यानं नोंदवताना जुना क्रमांक पहिल्या ओळीत लिहा. तोच क्रमांक आणि फोटोची प्रत घेऊन मंगळवारी 11 ते 1 जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जनसुनवाईत (लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तिथे) जाता येतं. पार्षदांना (नगरसेवकांना) कळवायचं तर तेही लेखी, पोच घेऊन.

अधिसूचित सेवांचे, म्हणजे लोक सेवा हमीच्या कायद्याखाली येणाऱ्या सेवांचे, अर्ज मात्र 181 वर रेटू नका. ते लोक सेवा केंद्रातून द्या. मध्यप्रदेशानं देशात सर्वप्रथम 2010 मध्ये हा कायदा केला. मुदत टळली तर अपील करता येतं आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला रोज 250 रुपये, कमाल 5000 रुपये दंड होऊ शकतो. पावतीवर छापलेली तारीख हा त्या अपिलाचा पाया, म्हणून पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

प्रश्न: गणपतीतलं निर्माल्य आणि आजोबांच्या इन्सुलिनच्या सुया कचरागाडीत कुठे टाकायच्या?

निर्माल्य ओल्या कचऱ्यात, पण हारातला दोरा, तार, जरी आणि प्लास्टिकची पिशवी काढून. हा ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. 2022 मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला 550 टन होती. तिथे दोरे-प्लास्टिक गेलं की पुढची छाननी अडते. दूर्वा आणि फुलं घरच्या कुंडीत जिरवली तर उत्तमच.

सुया कधीही सुट्या टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या आणि देताना तोंडानं सांगा. गाडीवरच्या माणसाचा हात त्यात जातो. जुनी औषधं आणि सीएफएलही त्याच कप्प्यात. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळ्या कप्प्यात.

प्रश्न: कराची थकबाकी आहे. लोक अदालतीपर्यंत थांबावं का?

आधीच्या वर्षांची थकबाकी असेल आणि अदालत जवळ आली असेल तर थांबा. गेल्या अनेक राष्ट्रीय लोक अदालतींत संपत्तीकराच्या अधिभारावर अशी सूट दिली गेली: कर व अधिभार मिळून 50,000 रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण, 50,000 ते एक लाख असेल तर 50 टक्के, त्यापुढे 25 टक्के. जलकरात 10,000 पर्यंत पूर्ण, 50,000 पर्यंत 75 टक्के, त्यापुढे निम्मी. सूट फक्त अधिभारावर, मूळ करावर नाही. त्याच दिवशी किमान निम्मी रक्कम भरावी लागते, म्हणून पैसे हाताशी ठेवूनच जा. स्वतः राहत असलेल्या घराला करात 50 टक्के सवलत आहे, ती बिलात धरली आहे का तेही त्याच वेळी तपासून घ्या. भाडेकरू निघून गेल्यावरही जुनी भाड्याची नोंद तशीच राहिलेली बिलं आमच्याकडे बरीच येतात.